क्वायर म्हणजे कोण?

आजच्या ग्रीक भाषेत 'खोरोस' म्हणजे नाच. लग्नातला नाच असो की जत्रेत हातात हात धरून केलेला फेर, शब्द एकच. गाणाऱ्यांच्या समूहाला तिथे 'खोरोदिया' असे निराळे नाव आहे. आता याच खोरोसची बाहेरगावी गेलेली वंशावळ पाहा. इंग्रजीतले क्वायर आणि कोरस, जर्मन आणि वेल्श कोर, रशियन खोर, इटालियन कोरो, पोर्तुगीज कोरु. या सगळ्यांत गाणे आहे, नाच कुठेच नाही.

मराठीत क्वायर म्हटले की नाताळच्या सुमारास चर्चमध्ये पांढरे झगे घालून, हातात वह्या धरून उभी असलेली मंडळी डोळ्यांपुढे येतात. म्हणून 'अनेकांनी मिळून गायलेले गाणे' हाच या शब्दाचा मूळ अर्थ असावा, असे आपण धरून चालतो. शब्दाचा प्रवास तपासला की हा समज टिकत नाही. खोरोस कधी जागा होती, कधी नाच, कधी नागरिकांची तुकडी, कधी मठातला दर्जा, कधी इमारतीचा एक भाग. गाणे मधल्या वाटेवर येऊन चिकटले आणि पुढे तेच मुख्य झाले. या सगळ्या बदलांत एकच प्रश्न कायम राहिलेला दिसतो: या समूहात कोणाला उभे राहता येईल? मला तरी या शब्दाचा गाभा सुरात दिसत नाही, सभासदत्वात दिसतो.

सुरुवात होमरपासून करावी लागते. 'इलियड'च्या अठराव्या सर्गात हेफायस्टोस अकिलीससाठी ढाल घडवतो, तिच्यावर एक खोरोस कोरलेला आहे. क्नोसोसमध्ये दैदालसाने आरियाद्नीसाठी केला होता तसा, असे कवी सांगतो. तिथे तरुण आणि तरुणी एकमेकांची मनगटे धरून नाचत आहेत. 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात फायाकियन लोक नाचापूर्वी खोरोस सपाट करून घेतात. सपाट करायची म्हणजे ती जमीन, नाचाचे अंगणच. होमरच्या काळात नाच आणि नाचाची जागा या दोन्हींना हाच शब्द होता.

तो मुळात आला कुठून, यावर भाषाशास्त्रज्ञांचे एकमत नाही. काहींनी त्याचा संबंध 'वेढणे, कुंपण घालणे' अशा अर्थाच्या जुन्या धातूशी जोडला. त्याच धातूपासून लॅटिनमध्ये बागेला 'होर्तुस' आणि ग्रीकमध्ये कुंपणाच्या आवाराला 'खोर्तोस' म्हणतात. हे खरे असेल तर खोरोस म्हणजे मुळात घेरलेले अंगण. दुसरा पक्ष म्हणतो की हा शब्द ग्रीक येण्यापूर्वी त्या भूमीवर जी भाषा होती तिच्यातून उचललेला असावा. लोकांनी स्वतः लावलेल्या व्युत्पत्ती मात्र फार गोड आहेत. प्लेटोने 'कायदे' या ग्रंथात खोरोसचा संबंध 'खारा', म्हणजे आनंद, या शब्दाशी लावला. पुढे सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरने लॅटिन कोरुसचा उगम 'कोरोना', म्हणजे मुकुट, यात शोधला, कारण गाणारे वेदीभोवती मुकुटासारखे गोल उभे राहत. शास्त्राच्या कसोटीवर दोन्ही व्युत्पत्ती चुकीच्या आहेत. पण प्लेटोला या शब्दात आनंद ऐकू आला आणि इसिडोरला वर्तुळ दिसले, एवढे त्यांतून नक्की कळते.

इसवी सनापूर्वी सातव्या शतकात स्पार्टाचा कवी आल्कमान कुमारिकांच्या खोरोसासाठी गाणी रचत असे. त्यांतल्या एका गाण्याचा मोठा तुकडा इजिप्तमध्ये सक्कारा इथे 1855 साली एका पपायरसावर सापडला. तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. या गाण्यात मुली एकमेकींची नावे घेतात. आगिदो, नान्नो, आरेता, आस्ताफिस, फिलिल्ला, इयान्थेमिस. कुणाचे केस सुंदर, कुणाची चाल घोडीसारखी, अशी ती कौतुके आहेत. त्यांच्या म्होरकीचे नाव हागेसिखोरा, म्हणजेच 'खोरोस पुढे नेणारी'. ते तिचे खरे नाव की पदाचे, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला त्याहून मोलाची वाटते ती ही गोष्ट की सव्वीसशे वर्षांनंतरही त्या गाणाऱ्या मुलींची नावे आपल्याला माहीत आहेत. या शब्दाच्या पुढच्या सगळ्या इतिहासात असे फार क्वचित घडले.

अथेन्समध्ये खोरोस हे सरकारी काम झाले. शहराच्या डायोनिसिया उत्सवात दहा जमातींपैकी प्रत्येकीने पुरुषांचा एक आणि मुलांचा एक असे दोन खोरोस पाठवायचे, प्रत्येकात पन्नास जण. म्हणजे केवळ दिथिरांब या एका गीतप्रकारासाठी दर वर्षी हजार नागरिक आणि नागरिकांची मुले वर्तुळ करून नाचत-गात. शिवाय नाटकांचे खोरोस वेगळे. शोकांतिकेत आधी बारा जण असत, सोफोक्लिसने ते पंधरा केले. सुखात्मिकेत चोवीस. या उत्सवात परक्या माणसाला खोरोसात उभे राहायला मनाई होती. सराव चालू असेपर्यंत सभासदाला लष्करी सेवेतून सूट मिळे. प्लेटोने तर 'ज्याला खोरोसाची तालीम मिळालेली नाही तो अशिक्षित' असे समीकरणच मांडले. खोरोस त्याच्या दृष्टीने कलाकारांचा ताफा नव्हता, नागरिक घडवण्याची शाळा होती.

खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकाने करायचा. त्याला खोरेगोस म्हणत. तालीम घेणारा गुरू, बासरीवाला, मंडळींचे जेवणखाण, पोशाख, सोन्याचे मुकुट, सगळे त्याच्या खिशातून. इसवी सनापूर्वी 348 मध्ये वक्ता डेमोस्थेनिस आपल्या जमातीचा खोरेगोस होता. मेदियास नावाच्या त्याच्या वैऱ्याने भर नाट्यगृहात त्याला ठोसा मारला. त्याआधी सोनाराकडे शिरून खोरोसाचे मुकुट आणि कपडे नासवण्याचाही प्रयत्न केला, अशी डेमोस्थेनिसची तक्रार होती. त्या प्रकरणावर त्याने लिहिलेले भाषण आजही वाचायला मिळते, आणि खोरोस प्रत्यक्षात कसा चाले हे आपल्याला बरेचसे त्यातूनच कळते.

अथेन्सच्या प्लाका भागात लिसिक्रातीसचे स्मारक उभे आहे. संगमरवरी, गोल, सहा खांबांचे. त्यावरचा लेख बारकाईने वाचण्यासारखा आहे. किकिन्ना गावचा लिसिक्रातीस खोरेगोस होता, आकामान्तिस जमात मुलांच्या खोरोसात पहिली आली, बासरी थेओनने वाजवली, तालीम लिसियादीसने दिली, त्या वर्षी एवायनेतोस शासक होता. या शेवटच्या नावावरून वर्ष निघते: इसवी सनापूर्वी 335-334. खर्च करणारा, शिकवणारा, वाजवणारा, राज्य करणारा, सगळ्यांची नावे दगडात आहेत. ज्या पन्नास मुलांनी गाऊन-नाचून स्पर्धा जिंकली त्यांतल्या एकाचेही नाव नाही.

पुढे नाटकात खोरोसाचे महत्त्व घटत गेले. मेनांद्रोसच्या सुखात्मिकांच्या हस्तलिखितांत तर दोन अंकांमध्ये 'खोरोसाचे' एवढाच शब्द येतो. इथे मंडळींनी काहीतरी गायचे-नाचायचे. काय, ते लिहून ठेवण्याची गरजही कुणाला वाटली नाही. खोरोस जिथे नाचे त्या गोल जागेला 'ओर्खेस्त्रा' म्हणत. त्या शब्दाचा प्रवास उलट्या दिशेने झाला. ओर्खेस्त्रा ही आधी जागा होती, मग तिथे वादक बसू लागले आणि शेवटी वादकच ऑर्केस्ट्रा झाले. मुंबई-पुण्यात तर सिनेगीतांच्या जलशालाच आपण ऑर्केस्ट्रा म्हणतो. क्वायरच्या बाबतीत मात्र माणसांचा समूह पुढे दगडी जागा बनला.

त्या जागेची गोष्ट चर्चमधली. नाच आणि नाट्यगृह हे दोन्ही जुन्या देवांच्या पूजेशी जोडलेले, म्हणून ख्रिस्ती धर्मगुरूंना ते नकोसे होते. शब्द मात्र त्यांनी ठेवला आणि त्यातून पाय वजा केले. मिलान शहरात 386 साली सम्राटाच्या आईशी धर्ममतावरून झगडा चालू असताना बिशप अँब्रोस आपल्या भाविकांसह चर्चमध्ये कोंडून बसला. लोक खचू नयेत म्हणून पूर्वेकडच्या पद्धतीने सगळ्यांना गायला लावले, असे ऑगस्टीनने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. तिथे गाणारे म्हणजे जमलेले सगळेच. पण त्याच चौथ्या शतकात लाओदिकियाच्या धर्मसभेने नियम केला की नेमलेले गायक सोडून चर्चमध्ये इतर कोणी गाऊ नये. या शब्दाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण मला हेच वाटते. गाणारे आणि ऐकणारे असे देवापुढेही दोन गट पडले. पुढे रोममध्ये पोपच्या सेवेत 'स्कोला कांतोरुम' ही तालमीत तयार झालेल्या गायकांची संस्था उभी राहिली आणि समुदाय हळूहळू गप्प होत गेला.

मठांत दिवसरात्र मिळून आठ प्रार्थना गायच्या असत. त्या गाणाऱ्यांना बसायला वेदीजवळ दोन बाजूंना समोरासमोर लाकडी आसनांच्या रांगा केल्या आणि त्या भागालाच कोरुस म्हणू लागले. एका बाजूने एक चरण, दुसऱ्या बाजूने पुढचा. इंग्लंडच्या कॅथीड्रलांत या बाजूंना अजून वेगवेगळी नावे आहेत, एक डीनची बाजू आणि दुसरी मुख्य गायकाची. आसने उचलली की त्यांच्या खालच्या अंगाला छोटी फळी दिसते. तासन्‌तास उभ्याने गाणाऱ्या थकलेल्या साधूला तिच्यावर अंग टेकता यावे म्हणून ती सोय. तिचे नाव 'मिसेरिकॉर्ड', म्हणजे दया. त्या फळ्यांखाली सुतारांनी कोल्हे, माकडे, भांडणारे नवरा-बायको असे काय काय कोरून ठेवले आहे.

क्वायर हा दर्जाही होता. कॅथलिक जोगिणींच्या मठांत 'क्वायरच्या भगिनी' वेगळ्या आणि 'कामाच्या भगिनी' वेगळ्या. पहिल्यांना लॅटिन येई, त्या प्रार्थना गात. दुसऱ्या स्वयंपाक, धुणे, बागकाम करत आणि त्यांच्यासाठी सोप्या प्रार्थना असत. हा भेद दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960च्या दशकानंतर मोडला. अथेन्समध्ये नागरिक कोण हे खोरोस ठरवत असे. मठात शिकलेले कोण हे क्वायरने ठरवले.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, साधारण 1300च्या सुमारास, आणि तेव्हा तो 'क्वेर' असा लिहिला-बोलला जाई. पुढे उच्चार 'क्वायर' झाला आणि स्पेलिंगही त्याला साजेसे, क्यू अक्षराने सुरू होणारे होते. 1662च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात तेच आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत इमारतीच्या त्या भागाचे नाव आजही तसेच लिहितात. सतराव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांना लॅटिन कोरुसची आठवण झाली. त्यांनी स्पेलिंगमध्ये सी-एच घातले, पण लोकांनी जीभ बदलली नाही. म्हणून लिहायचे एक आणि म्हणायचे दुसरे. शाळेत या शब्दाला अडखळलेल्या मराठी मुलांनी स्वतःला दोष देऊ नये. कागदाचा दस्ता, म्हणजे चोवीस ताव, यालाही इंग्रजीत क्वायर म्हणतात. पण त्याचा या कुळाशी संबंध नाही, तो लॅटिनमधल्या 'चार-चार' अशा अर्थाच्या शब्दातून आला. आणि पायपुसण्याचा कॉयर, म्हणजे काथ्या, तर मल्याळम 'कयर'वरून आलेला. कार्यक्रमपत्रिकेवर 'चर्चचे कॉयर' असे छापलेले दिसते तेव्हा गाणाऱ्यांचा काथ्या होतो. तेवढी काळजी घ्यायला हवी.

इमारत हा अर्थ विसरला की एक सुंदर कविता अर्धी हातून निसटते. शेक्सपियरच्या 73व्या सुनीतात पानगळीनंतरच्या उघड्या फांद्यांना उद्ध्वस्त क्वायर म्हटले आहे. इथे क्वायर म्हणजे माणसे नव्हेत, वास्तू. आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या काळात इंग्लंडमधले मठ मोडून काढले. छपरे उतरवलेली, आसने जळणाला गेलेली ती गानस्थळे शेक्सपियरच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली होती. समीक्षक विल्यम एम्प्सनने 1930 साली आपल्या गाजलेल्या ग्रंथात या एका प्रतिमेतले अर्थ उकलून दाखवले. लाकूड, रांगा, रंगीत काचा, गाणारी मुले आणि मठांचा नाश, हे सारे एका शब्दात एकदम वाजते.

शब्दाची इतर भावंडे थोडक्यात. बल्गेरियातला 'होरो' आणि रुमानियातला 'होरा' हे फेर धरून करायचे नाच. तिथे खोरोसने आपले पाय राखले. 'कोरिओग्राफी'त नाच शिल्लक आहे. 'कोरिया' या मज्जाविकाराच्या नावातही आहे, कारण त्यात रुग्णाचे हातपाय त्याच्या इच्छेविरुद्ध नाचल्यासारखे हलतात. नाताळची 'कॅरल' हीही मुळात फेराची गाणी, आणि तो शब्द खोरोसासाठी बासरी वाजवणाऱ्याच्या ग्रीक नावावरून आला असावा, असे मानतात.

समुदायाचा आवाज परत मिळवण्याचे श्रेय बरेचसे मार्टिन ल्यूथरला. सोळाव्या शतकात त्याने जर्मन भाषेत, सर्वांना गाता येतील अशी स्तोत्रे रचली आणि रचून घेतली. पुढे 1791 साली बर्लिनमध्ये कार्ल फाश याने 'सिंगअकाडेमी' काढली. चर्चबाहेरची, हौशी नागरिकांची आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र गाण्याची ही संस्था पुढच्या शेकडो गायनमंडळांचा नमुना ठरली. एस्टोनियात 1869 साली तार्तू शहरात पहिला गीतमहोत्सव भरला. रशियन साम्राज्यातल्या या छोट्या लोकसमूहाने आपले राष्ट्र असणे आधी वृंदगानातून अनुभवले, राज्य नंतर मिळाले.

स्त्रियांना मात्र चर्चच्या क्वायरमध्ये उभे राहायला फार काळ लागला. स्पार्टाच्या मुली जिथे गात होत्या त्याच शब्दाच्या दारातून त्यांना बाहेर ठेवले गेले. उंच स्वर हवेत म्हणून लहान मुले घेतली. इटलीत तर मुलांचे अंडच्छेदन करून त्यांचा आवाज कोवळा ठेवला. सिस्टीन चॅपलचा शेवटचा असा गायक अलेस्सांद्रो मोरेस्की 1922 साली वारला. पोप दहाव्या पायसने 1903च्या आदेशात स्त्रियांना उपासनेच्या क्वायरमध्ये घेता येणार नाही असे पुन्हा बजावले होते. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी कॅथीड्रलने मुलींचे क्वायर सुरू केले ते 1991 साली. ही तारीख मला अजून खटकते.

आपल्याकडे हा शब्द दोन वाटांनी आला. पहिली वाट पोर्तुगीजांची. 1510 नंतर गोव्यात चर्च उभी राहिली, त्यांच्याबरोबर गावोगाव चर्चच्या शाळा आल्या आणि त्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीत शिकवणारे गुरुजी. मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे, रविवारी त्यांच्याकडून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, गाऊन घ्यायची, हे त्यांचे काम. पोर्तुगीजमध्ये कोरु म्हणजे गाणारेही आणि त्यांचा सज्जाही. गोव्याच्या चर्चमध्ये हा सज्जा वेदीजवळ नसून प्रवेशद्वाराच्या वर असतो, म्हणून बसलेल्या भाविकांना गाणे पाठीमागून आणि वरून ऐकू येते. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बासिलिकात शिरताना आपण याच कोरुखालून जातो. तो ज्या खांबांवर उभा आहे त्यांवर इमारतीच्या तारखा कोरलेल्या आहेत. काम सुरू झाले 1594 साली, प्रतिष्ठापना 1605 साली. उपवासकाळात गायल्या जाणाऱ्या गोव्याच्या मोतेतांत लॅटिन आणि कोंकणी शब्द, दोन-तीन पदरी आवाज आणि व्हायोलिन-क्लॅरिनेटची साथ असते. चारशे वर्षांच्या या तालमीचे फळ ते.

दुसरी वाट इंग्रजांची. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलला गाणारी मुले हवीत म्हणून एकोणिसाव्या शतकात क्वायरची शाळा निघाली. आजच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेचे एक मूळ तिच्यात आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी मात्र परक्या चालींवर समाधान मानले नाही. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाच्या वळणाची मराठी पदे रचली, आणि 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून ती आजही गायली जातात. कॅथलिकांकडे हा बदल 1963च्या व्हॅटिकन निर्णयानंतर आला. वसईत मिस्सा मराठीतून होऊ लागली आणि चर्चच्या क्वायरला पेटी-तबला जवळचा झाला.

चर्चबाहेरचे क्वायर मुंबईत 1950च्या दशकात रुजले. व्हिक्टर परंज्योती यांनी आपल्या नावाचे वृंद उभे केले. त्यांच्या पश्चात ते कुमी वाडिया यांनी कित्येक दशके चालवले, आणि भारतातल्या पहिल्या स्त्री-संचालक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. सलील चौधरींनी बॉम्बे यूथ क्वायर उभे केले आणि लोकगीतांना व चळवळीच्या गाण्यांना अनेकपदरी स्वर दिले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या संयोजकांनी हेच ज्ञान हिंदी सिनेमात आणले. मुख्य गायिकेच्या मागे जे लांब 'आ' आणि 'ऊ' ऐकू येतात, त्यांच्या मांडणीत चर्चच्या सज्जातली तालीम आहे.

मग मराठीत क्वायरला म्हणायचे काय? 'कोरस' रुळला आहे, पण सिनेमामुळे त्याला 'मागे उभे राहून साथ देणारे' असा दुय्यम अर्थ चिकटला. 'समूहगान' हे गाण्याचे नाव झाले, गाणाऱ्यांचे नव्हे. शाहिरीतले झीलकरी शाहिराच्या आधाराने उभे असतात. वारकरी कीर्तनातले टाळकरी धृपद उचलतात, पावली टाकतात, टाळ वाजवतात. गळा आणि पाय एकत्र चालवणारा जुना खोरोस पाहायचा असेल तर तो तिथे दिसेल. रंगभूमीवर तो 'घाशीराम कोतवाल'ने दाखवला. 1972च्या त्या प्रयोगात जब्बार पटेलांनी माणसांची रांगच पडदा केली. ती रांग गाते, डोलते, पाठ फिरवते, साक्षी राहते आणि गुन्ह्यात सामीलही होते. ग्रीक नाट्यगृहात काय घडत असेल याची मराठी प्रेक्षकाला आलेली ही सर्वांत जवळची प्रचीती.

तरी शब्द म्हणून मी 'वृंद' निवडेन, आणि त्याला इथल्याच मातीचा दाखला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव हा अधिकारी होता. आजच्या दौलताबादेत बसून त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या समूहाला वृंद म्हटले असून उत्तम वृंदाची मोजणी दिली आहे. चार मुख्य गायक, आठ समगायन, बारा गायिका, चार बासरीवाले, चार मृदंगवाले, म्हणजे एकूण बत्तीस. गायिका संख्येने गायकांच्या बरोबरीच्या आहेत, हे पाहून ठेवावे. आणि 'समगायन' हा शब्दही. मुख्य गायकाबरोबर गाणारा तो मागचा नाही, सम आहे. सॉल्झबरीला 1991 साली जे सुचले ते देवगिरीच्या शास्त्रग्रंथात सातशे वर्षे आधी गृहीत धरलेले होते.

वृंद म्हणायचे तर त्यातल्या माणसांना समगायनाचा मान द्यायला हवा. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर मुख्य गायिकेच्या नावापुढे 'आणि कोरस' एवढेच छापलेले असते. त्या दोन शब्दांमागे उभ्या असलेल्या, रोज एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत धावणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे आता शोधूनही हाती लागत नाहीत. शाळेचे वृंदगान, गणेशोत्सवातला कार्यक्रम, चर्चचा नाताळ, सोसायटीचा दिवाळी पहाट कार्यक्रम, काहीही असो, पत्रिका आपणच छापतो. संयोजक, प्रायोजक, प्रमुख पाहुणे यांची नावे घालतोच. त्यांच्याखाली गाणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापा, अगदी शेवटच्या रांगेतल्या मुलाचेही.